टकल्याला कानटोपी

देवळाली कॅम्प,
२९ नोव्हेंबर २०२४

उजमा बेटा,

सलाम आणि खूप प्रेम. पाकीट बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. तुझी खाला सकाळपासून बोलते आहे, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम.

गोष्ट एवढीच की तू हल्ली फोनवर फार पुटपुटतेस. पुण्याला नोकरी लागल्यापासून तुझा आवाज बारीक झालाय की नेटवर्कच फालतू आहे, कोण जाणे. मागच्या रविवारी तू एवढं बोललीस, त्यातलं मला ‘हॅलो’ आणि ‘बरं, ठेवते’ इतकंच कळलं. मोबाइलवर टाइप करायला बसलो तर तो माझा शब्द खोडून स्वतःचाच घालतो, वर मलाच विचारतो की बरोबर आहे का. म्हणून म्हटलं, सरळ पत्र लिहावं. शाळेत मास्तर माझं अक्षर वर्गाला दाखवायचे, ते वाया का घालवायचं?

आता खरी खबर. सिन्नरला आमच्या फोर्जिंग शेडमध्ये कानावर घालायचे नवे मफ आलेत. खोक्यावर तुमच्या लॅबचं नाव! मी अख्ख्या शिफ्टला सांगून टाकलं, हे माझ्या पोरीने पास केलेत. तापलं लोखंड ठोकायच्या हॅमरवर माझ्यासमोर सावळीराम असतो ना, तो म्हणाला, “सलीमभाई, कान गेले तर तुमच्या पोरीकडेच भांडायला जाईन.” मी म्हटलं, जा की, पण तिचं उत्तर ऐकणार कशाने?

मला एक सांग. मफ किती आवाज अडवतो हे तुम्ही मोजता कसं? कुणाच्या कानाशी बार काढता का? आणि तिथे बसायला तयार कोण होतो?

तुझा,
सलीम खालू

*

पुणे,
५ डिसेंबर २०२४

प्रिय खालू,

तुमचं पत्र मी हॉस्टेलच्या जिन्यातच बसून वाचलं. माझी रूममेट तेजल म्हणाली, “प्रेमपत्र वाटतं?” म्हटलं, आहेच, माझ्या मावशीच्या नवऱ्याचं. देवा-अल्लाची कृपा म्हणून ते नेटवर्क बिघडलं. असंच बिघडलेलं राहू दे, मला दर पंधरवड्याला असं पत्र हवं.

बार काढायला आम्ही कुणालाच बसवत नाही हो! जिवंत माणसाच्या कानाशी तसला धडाका करणं म्हणजे गुन्हाच. आमच्याकडे एक डोकं आहे. नुसतं डोकं, स्टँडवर बसवलेलं. त्याचे कान रबराचे, कातडीसारखे मऊ, आणि आतून कोमट ठेवलेले, कारण खरा कान गरम असतो. कानाच्या पडद्याच्या जागी माइक. समोर एक लांब नळी, तिच्यात मध्ये पातळ पडदा. मागून हवेचा दाब वाढवत न्यायचा. पडदा फुटला की असा धडाका होतो की बाहेरच्या खोलीत चहाचे कप किणकिणतात. एकदा कान उघडे ठेवून मोजायचं, एकदा मफ घालून. मधला फरक म्हणजे मफने अडवलेला आवाज. पंख्याची किंवा मोटारीची घरघर वेगळी आणि तुमच्या हॅमरचा घाव वेगळा. घाव एका क्षणात येतो, कानाला सावध व्हायला वेळच देत नाही. म्हणून त्याची परीक्षाही वेगळी घ्यावी लागते.

आणि ऐका, तुमच्या मफच्या रिपोर्टवर सही माझी आहे. माझी पहिली सही! अब्बा गेल्यावर ज्या माणसाने मला रोज लूनावर बसवून शाळेत सोडलं, त्याच्या कानाची राखण आता माझी सही करते. मला किती बरं वाटतं, सांगता येत नाही. तुम्ही बिनधास्त घाला.

खालाला माझा सलाम. तिच्या हातच्या खिम्याची आठवण काढली म्हणून सांगा.

तुमची,
उजमा

*

देवळाली कॅम्प,
१४ डिसेंबर २०२४

उजमा बेटा,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये वाचून दाखवलं. त्या डोक्याला आम्ही नाव ठेवलं, टकल्या. ना केस, ना दाढी, ना टोपी. एवढे बार खातो पण तोंडातून शब्द काढत नाही. तुझ्या खालाला खरं तर असाच नवरा हवा होता.

इथे थंडी लय पडली. कंपनीच्या बसच्या खिडक्या लागत नाहीत, पहाटे सिन्नरला पोचेपर्यंत माणसाची कुल्फी होते. शेड चारी बाजूंनी उघडी. तोंडाला भट्टीची धग आणि पाठीला, कानाला नुसता बर्फ. सावळीराम तेवढा उघड्या डोक्याने फिरतो. त्याचं रक्तच गरम, बायकोशी भांडून येतो रोज.

यंदा एक नवल आहे. रातकिडे थंडीतसुद्धा थांबेनात. अंथरुणाला पाठ टेकली की किर्रर्र सुरू. खालाला म्हटलं तर म्हणते, मला तर काही ऐकू येत नाही. वय झालं तिचं, दुसरं काय.

पुढच्या आठवड्यात कंपनीत कान तपासायची गाडी येणार आहे. दरवर्षी येते, काही विशेष नाही. फोन करण्यात पैसे घालवू नकोस, पत्रच लिही.

सलीम खालू

*

देवळाली कॅम्प,
२० डिसेंबर २०२४

उजमा,

तुझे खालू जुम्म्याच्या नमाजाला गेलेत, तेवढ्यात लिहून टाकते. फोनच केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटेल आणि मग सांगणं राहील बाजूला.

घरात रातकिडे नाहीत गं. ते त्यांच्या कानात आहेत. तुझा आवाज बारीक झालेला नाही आणि नेटवर्कही बिघडलेलं नाही. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारच्या शकुबाईने तिचा बंदच करून टाकला, म्हणते तुमचाच ऐकते. मी हाक मारली तर भिंतीकडे बघून ‘हो’ म्हणतात.

ती गाडी आली होती. आतल्या माणसाने हेडफोन लावून बारीक-मोठ्या शिट्ट्या वाजवल्या, ऐकू आली की बटण दाबायचं. बारीक शिट्ट्या ह्यांना ऐकूच आल्या नाहीत. मागच्या वर्षी सगळ्या ऐकल्या होत्या. साहेबांनी सांगितलं, आता रजा घ्या, आवाजापासून लांब राहा, मग नाशिकरोडला कानाच्या डॉक्टरांकडे पुन्हा तपासू. तसंच निघालं तर हॅमर बंद, गेटवर बसायचं. ज्या माणसाने उभा जन्म त्या हॅमरसमोर काढला, तो खुर्चीत बसून गाड्यांना सलाम करणार? जिवंतपणी मरेल तो.

आणि तुला का सांगायचं नव्हतं, माहीत आहे? मला म्हणाले, “त्या मफवर पोरीच्या लॅबचं नाव आहे, आता तर तिची सहीसुद्धा निघाली. तिला कळलं तर ती स्वतःला खात बसेल. नोकरी नवी आहे तिची.” म्हणून ती पत्रांची टूम. कप्पाळ माझं, मला आधी वाटलं ह्या वयात हौस आली!

मी माझ्याकडून काही कमी ठेवलं नाही. जुम्म्याला अत्तराचा फाया, एरवी तेलाचा बोळा कानात. वरून मी स्वतः विणलेली जाड लोकरीची कानटोपी, आणि सगळ्यावर तुझा मफ. तीन-तीन पहारेकरी बसवले, तरी चोर घुसला कसा? तू शिकलेली आहेस, मला खरं सांग. मफ खोटा आहे का?

तुझी,
हमीदा खाला

*

पुणे,
२५ डिसेंबर २०२४

खालू,

खालाने मला सगळं कळवलं. तिच्यावर रागावायचं नाही, तुम्हाला माझी शपथ आहे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. मी तुम्हाला ‘बिनधास्त घाला’ म्हणून लिहिलं होतं. ते वाक्य मला झोपू देत नाही.

तुम्ही असं का केलंत हो? मी तुमची पत्रं उशाशी ठेवत होते आणि तुम्ही ती बहिरेपण लपवायला लिहीत होतात! रातकिड्यांचं वाचून मी हसले. डिसेंबरात कुठले आले रातकिडे? कानांचंच काम करते मी, आणि मला एवढं कळलं नाही.

त्याच मालातले मफ काढून मी टकल्यावर पुन्हा चढवले. पुन्हा पुन्हा धडाके काढले. दर वेळी पास. कुठेही खोट नाही. मग तुमचेच कान कसे गेले? माझ्या साहेबांना मी सांगून टाकलं आहे की माझ्या सहीवर मलाच शंका आहे. ते म्हणाले, कारण सापडलं नाही तर रिपोर्ट मागे घ्यावा लागेल. घ्यावा लागला तर घेऊ. पण मला आधी कारण हवं, कारण तिथे शेडमध्ये बाकीचेही तोच मफ घालून उभे आहेत.

तुम्ही रोज वापरता तोच मफ पाठवा. पुसू नका, नीट करू नका, आहे तसा पाठवा. आणि हॅमरच्या जवळपास फिरकायचं नाही. फटाका वाजला तरी घरात जायचं. ऐकताय ना?

उजमा

*

देवळाली कॅम्प,
३१ डिसेंबर २०२४

उजमा,

‘ऐकताय ना’ असं बहिऱ्याला विचारतेस, शाब्बास.

रजेवर आहे. खालाच्या देखरेखीखाली आहे, म्हणजे जेलच समज. तिच्यावर रागावलो होतो, पण ती उलट काय बोलली ते ऐकूच आलं नाही, त्यामुळे भांडण काही रंगलं नाही.

आता माझं नीट वाच. सावळीरामचे कान ठणठणीत आहेत. गाडीतल्या तपासणीत त्याचा कागद मागच्या वर्षीसारखाच निघाला. त्याच हॅमरवर, तोच मफ घालून. याचा अर्थ सरळ आहे. मफ चांगला आहे, माझे कान म्हातारे झाले. हे तुझ्या साहेबाला सांग आणि सही मागे घेण्याचं खूळ डोक्यातून काढ. गेटवर बसायची पाळी आली तर बसेन मी. गेटवर ऊन चांगलं येतं. पण माझ्यापायी माझ्या पोरीच्या पहिल्या सहीवर काट मारलेली मला चालायची नाही. एवढं माझं ऐक.

मफ पाठवतो आहे. तू ‘आहे तसा’ म्हणालीस ना, खालाने तो खुंटीवरून काढला आणि होता तसाच खोक्यात भरला. बोळासुद्धा टाकलाय, म्हणे पोरीला सगळं दिसू दे.

सलीम खालू

*

पुणे,
६ जानेवारी २०२५

प्रिय खालू आणि खाला,

दोघांनी एकत्र बसून वाचा. खाला, तू मोठ्याने वाच. खालू, तुम्ही तिच्या शेजारी बसा.

खोकं लॅबमध्येच उघडलं. आत निळी जाड कानटोपी होती, आणि टोपीवर, तिच्या कानांवर, मफ चढवलेला. खुंटीवर होता तसा. आधी मी हसले. मग इतकी रडले की लॅबमधली सगळी पोरं गोळा झाली.

खाला, तू हे मला पत्रात लिहिलंही होतंस. मी ते वाचलंही होतं. पण मला त्या पानावर ‘मफ खोटा आहे का’ एवढंच दिसत राहिलं.

मी टकल्याला कानटोपी घातली. त्याच्या जन्मात पहिल्यांदा! वर तोच मफ, आणि काढला धडाका. खालू, मफने एरवी जेवढं अडवायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा अडवलं नाही. टोपी काढली, नुसता मफ ठेवला, पुन्हा धडाका. पहिल्यासारखा पास. बाकीच्यांनी येऊन स्वतःच्या हाताने करून बघितलं. तेच. नुसता तेलाचा बोळा घालून पाहिला, तर तो असून नसल्यासारखा. कापसातून एवढा मोठा आवाज आरामात जातो.

कारण साधं आहे. मफची गादी कातडीला सगळीकडून चिकटून बसायला हवी. मध्ये लोकर आली की फट राहिली, आणि धडाक्याला तेवढी फट पुरते. पत्र्याच्या भोकातून पाणी शिरावं तसा तो आत येतो. सावळीरामकाका उघड्या डोक्याने उभे राहतात, म्हणून त्यांचे कान वाचले. मफ खरा आहे. सही खरी आहे. आणि खालू, तुमचे कान म्हातारे झालेले नाहीत! कानटोपी थंडीत आली आणि कान थंडीतच बिघडले. डॉक्टर म्हणतात, इतक्या लवकर लक्षात आलं आणि आवाजापासून लांब राहिलं तर पुष्कळदा बरंचसं परत येतं. पक्कं कुणी सांगत नाही, मीही सांगत नाही. पण मी दुवा मागते आहे.

‘टोपीवरून घालू नये’ असं खोक्यातल्या कागदावर छापलंय म्हणे. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. मी साहेबांना म्हटलं, आपल्या डोक्याला टक्कल पडलेलं आहे, पण सिन्नरला थंडी पडते. आता मराठीत चित्रासकट मोठा कागद करतो आहोत, आणि टोपी, मफलर, चष्मा सगळं टकल्याला घालून तपासणार आहोत.

खाला, तू मनाला लावून घेऊ नकोस. तू ऊब दिलीस. मी ‘बिनधास्त घाला’ लिहिलं तेव्हा कसे घालता हे विचारलं नाही, चूक असेल तर तिथे आहे.

तुमची,
उजमा

*

देवळाली कॅम्प,
१२ जानेवारी २०२५

उजमा,

मनाला लावून घेऊ नकोस म्हणे! मी काय दगड आहे? तुझं पत्र मोठ्याने वाचता वाचता मी ते मांडीवर ठेवलं. हे विचारतात, “पुढे काय लिहिलंय, थांबलीस का?” काय सांगू? की तुमचे कान मी विणलेल्या टोपीने घालवले? दिवाळीनंतर दुपारी दुपारी बसून विणली होती मी ती. दुहेरी लोकर घातली, वारा जाऊ नये म्हणून.

शेवटी पत्रच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, आणि म्हणाले, “म्हणजे पोरीची सही खरी!” आधी हे. मग म्हणाले, “हमीदा, टोपी मात्र गरम होती हं.” त्या माणसावर मी जन्मभर ओरडत आले, आणि आता माफी मागायची तर त्याला ऐकू येत नाही!

रडून झाल्यावर कात्री घेतली. घरातल्या सगळ्या टोप्यांचे कान कापले, कडा शिवून घेतल्या. कपाळ आणि माथा झाकलेला, कान मोकळे. मोहल्ल्यातली बयाबाई म्हणाली, काय गं, उंदराने खाल्ल्या का? पण दुसऱ्या दिवशी सावळीराम घरी आला आणि एक नमुना घेऊन गेला. तिकडे निम्मी शेड टोपीवरून मफ घालत होती, बघ! प्रत्येकाच्या घरी कुणीतरी माझ्यासारखी शहाणी बसलेली. आता शेडमध्ये तुझा चित्राचा कागद लावलाय आणि साहेब स्वतः टोप्या तपासतात. टोपीवाल्यांचे कान पुन्हा तपासायला ती गाडीही बोलावली आहे.

बोळे फेकले. फाया आता मनगटाला लावतात.

टीव्ही अजून मोठाच आहे. पण परवा दूध उतू गेलं तेव्हा स्वयंपाकघरात माझ्याआधी हे पोचले. आवाज आला म्हणाले. मी ओटा पुसत राहिले, भीती वाटली बोलायची.

तुझी,
खाला

*

देवळाली कॅम्प,
५ फेब्रुवारी २०२५

उजमा बेटा,

अल्हम्दुलिल्लाह, अल्हम्दुलिल्लाह! आधी हे लिहितो, मग बाकीचं.

काल नाशिकरोडला डॉक्टरीणबाईंकडे तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातले. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो, शिट्टी न वाजताच दाबला जाईल म्हणून दोनदा उचलला. बाहेर तुझी खाला काचेला नाक लावून उभी. मग एक शिट्टी आली. मग तिच्याहून बारीक. मग सुईच्या टोकाएवढी एक. बेटा, ती पण ऐकली मी! अंगठा दाबला आणि डोळ्यांतून पाणी आलं. बाईंना वाटलं काही दुखलं.

सगळ्यात वरची एक शिट्टी नाही आली. ती गेली ती गेली. बाई म्हणाल्या, तिला विसरा, बाकीच्या सांभाळा. किर्रर्र अजून आहे थोडं, पण आता ते लांबच्या शेतात गेलंय. सोमवारपासून हॅमर. मफच्या आत, कानात घालायचे फोमचे बोळे पण दिलेत, कापसाचे नाहीत! कान वर ओढून आत कसे सारायचे ते बाईंनी शिकवलं. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणार आहेत.

सही तुझी राहिली, हॅमर माझा राहिला. मला आणखी काही नको.

आता हुकूम. या पत्राला उत्तर लिहू नकोस. रविवारी संध्याकाळी, अस्रच्या नमाजानंतर फोन कर. खालाला नाही, मला.

तुझा,
सलीम खालू

*

देवळाली कॅम्प,
१० फेब्रुवारी २०२५

उजमा,

तुझ्या खालूने पत्र बंद म्हणून सांगितलंय, मी कुठे सांगितलंय? तू फोन ठेवल्यावर इथे काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

अस्रच्या आधीपासून ते फोन मांडीवर घेऊन बसले होते. मला टीव्ही लावू देईनात, कुकर लावू देईनात. तुझा फोन वाजला तसे ताडकन उठले. तू काय बोललीस ते मला कळलं नाही, पण तुझा आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत येत होता. शकुबाई बाहेर येऊन विचारायला लागली, पुण्याला सगळं ठीक आहे ना? इतक्या जोरात ओरडत होतीस तू पोरी. मला कळलं, सवय झाली तुला. मलाही झाली आहे. हे मात्र ‘हं, हं’ करत ऐकत होते आणि हसत होते, मान डोलवत होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी एकदाही ‘काय?’ म्हटलं नाही.

फोन ठेवला. चष्मा काढून डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून चिडून म्हणतात कसे, “पोरीला सांग, एवढं ओरडायचं काही कारण नाही. मी काय बहिरा आहे?”

तुझी,
हमीदा खाला